पीएसआयची मुलाखत : मराठवाड्यातली लेकरं नेहमी विचारतात ते प्रश्न

मी पोलिस खात्यातून निवृत्त झालो, त्याला आता काही वर्षं झाली. दर रविवारी परभणीतल्या एका अभ्यासिकेत सराव मुलाखती घेतो. वसमत, गंगाखेड, माजलगाव, अहमदपूर, परतूर, कुठून कुठून पोरं-पोरी येतात. कुणी सकाळची पहिली एसटी धरून, कुणी मित्राच्या मोटारसायकलवर. गावं वेगळी असली तरी विचारायचं बहुतेकांना तेच असतं. म्हणून नेहमीचे प्रश्न आणि माझी उत्तरं एका जागी लिहिली आहेत.

सर, शिपाई भरतीला मुलाखत असते का?

नसते. हे सगळ्यात आधी सांगतो, कारण इथंच लोक बुडतात.

शिपाई भरतीत मैदानी चाचणी ५० गुणांची आणि लेखी १०० गुणांची. मैदानीत पोरांना १६०० मीटर आणि १०० मीटर धावणं नि गोळाफेक, पोरींना १६०० च्या जागी ८०० मीटर. मैदानीत निम्मे गुण मिळवणाऱ्यांतून एका जागेला दहा या प्रमाणात लेखीला बोलावतात. दोन्हींची बेरीज लागते, मग कागदपत्रं, वैद्यकीय तपासणी, चारित्र्य पडताळणी. यात टेबलापलीकडं बसून गुण देणारा माणूस कुठंच नाही.

त्यामुळं ‘मुलाखतीत साहेबांना सांगून ठेवतो’ असं कुणी म्हणाला की तो खोटं बोलतोय, एवढं ओळखा. माझ्याकडं एक बाप आला होता. पोराच्या शिपाई भरतीसाठी त्यानं बैलजोडी विकून एकाला पैसे दिले होते. यादी लागली, पोराचं नाव नाही, त्या माणसाचा फोन बंद. बापाला तक्रार द्यायची भीती, कारण २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणं हासुद्धा गुन्हा आहे. दलालाला हे पक्कं माहीत असतं, त्याचा धंदाच या भीतीवर चालतो. घरी जाऊन आई-वडिलांना आजच सांगा की शिपाई भरतीला मुलाखत नसते.

मग मुलाखत कुणाला असते?

पोलिस उपनिरीक्षक, म्हणजे पीएसआय, या पदासाठी, लोकसेवा आयोगाकडून. आधी पूर्वपरीक्षा, मग ४०० गुणांची मुख्य परीक्षा, त्यानंतर १०० गुणांची शारीरिक चाचणी आणि शेवटी ४० गुणांची मुलाखत. शारीरिक चाचणीचे गुण पूर्वी अंतिम यादीत धरायचे. आता तिथं ठरलेले किमान गुण मिळवून फक्त पात्र व्हायचं असतं. यादी मुख्य परीक्षा आणि मुलाखत यांच्या बेरजेवर लागते. आपल्या वर्षाची जाहिरात मात्र स्वतः वाचा, मित्रानं सांगितलेल्या नियमावर जाऊ नका.

४४० मधले ४० गुण. त्यासाठी एवढी धास्ती कशाला?

कारण मुख्य परीक्षेत वरच्या घोळक्यातल्या पोरांत अंतर फार थोडं असतं. तिथं दोन-तीन गुणांनी माणूस यादीत येतो किंवा बाहेर राहतो. पण धास्ती घेऊन ते दोन-तीन गुण मिळत नाहीत. मुख्य परीक्षा दिल्यावर निकालाची वाट बघत बसू नका. मैदान सुरू असतानाच, संध्याकाळी तासभर, बोलायचा सराव सुरू करा. मैदानाचा घाम वाळला की मग मुलाखतीचं बघू, असं म्हणणाऱ्यांच्या हातात शेवटी आठ-दहा दिवस उरतात.

मंडळात कोण असतं? किती वेळ चालते?

आयोगाचे सदस्य आणि सोबत तज्ज्ञ. पीएसआयच्या मंडळात बहुतेक वेळा पोलिस दलातले वरिष्ठ अधिकारी असतात. वेळ साधारण पंधरा-वीस मिनिटं. कमी वेळात बाहेर आलात म्हणजे गेलं आणि जास्त बसवलं म्हणजे झालं, असा हिशेब करू नका. मी दोन्ही प्रकारची पोरं दोन्ही निकालांत पाहिली आहेत.

तयारी कुठून सुरू करू?

तुमच्या गावापासून.

मी पहिल्या मुलाखतीला गेलो तेव्हा कलमांची वही तोंडपाठ होती. आत बसल्यावर पहिला प्रश्न आला, ‘तुमचं गाव कुठल्या ठाण्याच्या हद्दीत येतं?’ ते सांगितलं. दुसरा, ‘तुमच्या गावाचा बीट अंमलदार कोण?’ माहीत नव्हतं. तिसरा, ‘पोलिस पाटलाची नेमणूक कोण करतं?’ मी म्हणालो, पोलिस अधीक्षक. समोरचे साहेब शांतपणे म्हणाले, ‘प्रांताधिकारी करतात. आणि तुम्हाला पोलिस व्हायचंय.’ त्या वर्षी माझं नाव यादीत आलं नाही. घरी आल्यावर पहिल्यांदा पोलिस पाटलांच्या ओसरीवर जाऊन बसलो. इतकी वर्षं त्या घरासमोरून जात होतो, पण त्या माणसाचं काम काय, हे कधी विचारलं नव्हतं. १९६७ चा ग्राम पोलिस अधिनियम त्यांच्याकडूनच पहिल्यांदा ऐकला.

म्हणून एक कागद घ्या आणि खालून वर चढत जा. गावाचा पोलिस पाटील, तंटामुक्ती समितीचं काय झालं, बीट, ठाणं, ठाण्यात किती गावं, उपविभाग कुठला, जिल्ह्याचा अधीक्षक कुठं बसतो, परिक्षेत्र कुठलं. नांदेड, परभणी, हिंगोली, लातूर हे नांदेड परिक्षेत्रात. जालना, बीड, धाराशिव आणि छत्रपती संभाजीनगर ग्रामीण हे दुसऱ्या परिक्षेत्रात, आणि संभाजीनगर शहराला पोलिस आयुक्तालय. राज्य राखीव दलाचे गट जालना, हिंगोली आणि संभाजीनगरात आहेत. पोलिस प्रशिक्षण केंद्र जालन्यात आहे, लातूरजवळ बाभळगावलाही आहे. स्वतःच्या जिल्ह्यातलं एवढं तरी न अडखळता यायला हवं.

मग एक दिवस ठाण्यात जा. घाबरू नका, कुणी हाकलत नाही. ठाणे अंमलदाराला नमस्कार करून सांगा की मुलाखतीची तयारी करतोय, अर्धा तास बसू द्या. स्टेशन डायरी कशी लिहितात, दखलपात्र नि अदखलपात्र तक्रारीला काय फरक करतात, ११२ वर कॉल आला की गाडी कशी निघते, हे डोळ्यांनी बघा. त्या अर्ध्या तासातलं एखादं वाक्य मुलाखतीत आलं की समोरच्याला कळतं, हे पोरगं ठाण्याची पायरी चढून आलंय.

जिल्ह्याचा इतिहास-भूगोल किती करायचा?

जेवढा तुम्हाला सांगताना आवडेल तेवढा, पण खोटा नको. नदी, धरण, पिकं, किल्ला, संत, उद्योग हे येणारच. नरसी हिंगोली जिल्ह्यात आहे, वसमतच्या हळदीला आणि जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे, किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे झाला, २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणलं. ही माहिती कुठंही मिळते. मंडळ एक पाऊल पुढचं विचारतं.

मुक्तिसंग्रामावरचा एक प्रश्न मी प्रत्येकाला विचारतोच. १३ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थानात जी कारवाई सुरू झाली आणि १७ सप्टेंबरला निजाम शरण आला, ती लष्करानं केली होती. रणगाडे होते, मेजर जनरल चौधरी होते. मग तिला ‘पोलिस ॲक्शन’ का म्हणतात? दहांतले आठ जण गप्प होतात. भारतानं ती परदेशावरची स्वारी मानली नव्हती, देशांतर्गत शांतता नि सुव्यवस्था राखायची कारवाई मानली होती, म्हणून ते नाव. सव्वीस वर्षांच्या मराठवाड्याच्या पोराला, तेही पोलिस व्हायला निघालेल्या, हे यायला हवं असं मला मनापासून वाटतं. तुमच्या गावात रझाकारांच्या काळच्या आठवणी सांगणारं एखादं घर असतंच. तिथं जाऊन बसा.

नावांचं म्हणाल, तर जुन्या दाखल्यांवर उस्मानाबाद, औरंगाबाद असं छापलेलं असणार. त्याची काळजी नको. बोलताना धाराशिव, छत्रपती संभाजीनगर म्हणा.

माझे आई-वडील ऊसतोडीला जातात. सांगू की नुसतं ‘शेती’ म्हणू?

सांगा.

धारूर तालुक्यातली एक मुलगी आमच्याकडं यायची. सराव मुलाखतीच्या कागदावर तिनं वडिलांच्या नावापुढं ‘शेती’ लिहिलं होतं. विचारलं, किती? म्हणाली, दोन एकर कोरडवाहू. दोन एकरांत भागतं का? ती खाली बघायला लागली. थोड्या वेळानं म्हणाली, ‘दिवाळीनंतर ते कारखान्यावर असतात सर. मी आजीपाशी राहून शिकले.’

मग मी प्रश्न बदलले. कोयता म्हणजे काय? ती म्हणाली, नवरा-बायकोची जोडी, हिशेबात एक कोयता. उचल कधी देतात, मुकादम कुणाचं देणं लागतो, गाडीसेंटर आणि डोकीसेंटर यांत फरक काय, टोळी पाहटं किती वाजता फडावर जाते, ती सगळं सांगत गेली. आवाज वर आला होता, मान वर आली होती. समोर बसलेली आमची सगळी पोरं ऐकत राहिली.

शेवटी तिला घरी न्यायला एक प्रश्न दिला. समजा तू ठाण्यात आहेस. मुकादम येतो नि म्हणतो, पाच लाख उचल घेऊन टोळी कामावर आलीच नाही, फसवणुकीचा गुन्हा घ्या. काय करशील?

पुढच्या रविवारी ती उत्तर घेऊन आली. म्हणाली, आधी बघीन की पैसे घेतानाच न जाण्याचा इरादा होता का. तीन वर्षं इमानानं गेलेली टोळी यंदा घरात आजारपण निघालं म्हणून अडकली असेल, तर तो देण्याघेण्याचा वाद आहे, त्याला फसवणूक म्हणता येणार नाही. पण एकाच हंगामात दोन मुकादमांकडून उचल उचलली असेल, तर सुरुवातीपासूनच खोट दिसते, मग न्याय संहितेच्या कलम ३१८ चा विचार करावा लागेल. आणि मुकादमानं वसुलीसाठी कुणाची बायको-लेकरं आणून कोंडून ठेवली असतील, तर आधी त्यांना सोडवीन. तो कलम १२७ चा बेकायदा डांबून ठेवण्याचा गुन्हा, आणि १९७६ चा वेठबिगारी निर्मूलन कायदा लागतो का तेही तपासावं लागेल.

असं उत्तर देता यायला फडावरची माहिती हवी, आणि ती तिच्या घरातच होती. हेच हळद शिजवणाऱ्या घराला लागू, हमालाच्या घराला लागू, मोंढ्यात आडत्याकडं दिवाणजी असणाऱ्या बापालाही लागू. तुमच्या घरच्या कामात पैसा कसा फिरतो, भांडण कुठं होतं, कोण कुणाला घाबरतो, हे तुमच्याइतकं त्या खोलीत कुणालाच माहीत नसतं.

कायद्याचं किती वाचू? नवीन की जुनं?

नवीनच. भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम १ जुलै २०२४ पासून लागू आहेत. मीही सगळी नोकरी जुन्या कलमांवर केली, आता पुन्हा पाठ करतोय. खुनाचं ३०२ आता १०३, फसवणुकीचं ४२० आता ३१८, चोरीचं ३७९ आता ३०३. सोनसाखळी हिसकावण्यासारख्या गुन्ह्याला ३०४ हे वेगळं कलम आलंय. जुना आकडा तोंडात आला तर लगेच दुरुस्त करा, त्यात लाज नाही.

पण कलमांच्या आकड्यांपेक्षा पीएसआयच्या रोजच्या कामाचे नियम पक्के करा. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ दोनदा वाचा. गुन्हा कुठल्याही हद्दीत घडो, तक्रार घ्यायची, म्हणजे शून्य क्रमांकानं नोंदवून संबंधित ठाण्याला पाठवायची. ऑनलाइन दिलेल्या तक्रारीवर फिर्यादीनं तीन दिवसांत सही करायची. तीन वर्षांपासून सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यात उपअधीक्षकांच्या परवानगीनं चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात घटनास्थळी न्यायवैद्यक तज्ज्ञ यायला हवेत, ते १७६ मध्ये. झडती-जप्तीचं चित्रीकरण १०५ मध्ये. अटक केल्यावर चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांपुढं हजर करायचं, ते संविधानाच्या अनुच्छेद २२ मधूनच येतं. सोबत डी. के. बसू, ललिता कुमारी आणि अर्णेश कुमार हे सर्वोच्च न्यायालयाचे तीन निकाल काय सांगतात, ते प्रत्येकी तीन-चार वाक्यांत सांगता यावं.

आणि एक ठेच लागायची जागा. ॲट्रॉसिटीचा गुन्हा ठाण्यात नोंदवाल, पण तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडं जातो. ‘मी तपास करीन’ असं जोशात म्हणून बरेच जण घसरतात.

‘तुम्ही पीएसआय आहात, असं झालं तर काय कराल’ या प्रश्नांना उत्तर कसं द्यायचं?

क्रमानं. आधी जीव, मग जागा, मग नोंद, मग वरिष्ठांना कळवणं, मग तपास. क्रम चुकला की बाकीचं कितीही चांगलं बोललात तरी उपयोग नाही. आपल्याकडचेच प्रसंग घेऊ.

शेतकऱ्याची आत्महत्या. पोरं लगेच कर्जमाफी, हमीभाव, सिंचन यांवर भाषण सुरू करतात. तो प्रश्न कृषी अधिकाऱ्याला विचारलेला नसतो. तुम्ही पोलिस म्हणून बांधावर उभे आहात. श्वास चालू असेल तर आधी दवाखाना. माणूस गेला असेल तर अकस्मात मृत्यूची नोंद, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ प्रमाणे पंचनामा, शवविच्छेदन, घरच्यांचे जबाब. फवारणीच्या औषधाचा डबा विहिरीच्या कठड्यावर पडलेला असतो. त्यावरचं नाव, किती उरलंय, झाकण कुठं, हे पंचनाम्यात यायलाच हवं. शासनाच्या १ लाखाच्या मदतीचा निर्णय समितीपुढं होतो, तेव्हा तुमचा पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल त्या फायलीत असतात. घाईत लिहिलेल्या दोन ओळींमुळं एखाद्या विधवेला तहसीलच्या चकरा माराव्या लागतात. मी त्या चकरा मारणाऱ्या बाया पाहिल्यात. म्हणून या प्रश्नावर मी पोरांना तीन-तीन वेळा उभं करतो.

बालविवाह. रात्री दहाला १०९८ या बालकांच्या मदत क्रमांकावरून निरोप येतो, उद्या सकाळी अमुक तांड्यावर सोळा वर्षांच्या मुलीचं लग्न आहे. २००६ च्या कायद्यात हा दखलपात्र, अजामीनपात्र गुन्हा आहे. गावपातळीवर ग्रामसेवक हा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी, त्याला उठवायचं. मुलीच्या वयाचा पुरावा शाळेतून घ्यायचा, आई-वडिलांना समजवायचं, लेखी घ्यायचं, मुलीला बालकल्याण समितीपुढं न्यायचं. वेळ हातात असेल तर दंडाधिकाऱ्यांकडून मनाई हुकूमही मिळवता येतो. ‘मंडपात जाऊन सगळ्यांना अटक करीन’ हे उत्तर सिनेमातलं झालं. लग्न थांबल्यावर ती मुलगी त्याच घरात राहणार आहे, हे डोक्यात ठेवून बोला.

वाळू. गोदाकाठच्या पोरांना हा प्रश्न ठरलेला. पैठण, गेवराई, घनसावंगी, पाथरी, गंगाखेड, कुठलंही असा. रात्री वाळूचा हायवा ट्रक अडवला, चालक म्हणतो पावती आहे, तेवढ्यात एका पुढाऱ्याचा फोन येतो. फोनवर वाद घालायचा नाही. ‘कागद तपासतो साहेब, बरोबर असतील तर गाडी लगेच सोडतो’ एवढं बोलून कागद खरोखर तपासायचे. पावती खोटी निघाली तर गाडी ताब्यात, स्टेशन डायरीत नोंद, चोरीचा गुन्हा, तहसीलदारांना कळवायचं, कारण जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ प्रमाणे दंडाची कारवाई महसूल खात्याची. पुढारी कुणाचा, कुठल्या पक्षाचा, हे मुलाखतीत तोंडातून काढू नका.

आरक्षण, आंदोलन यावर विचारलं तर?

विचारतातच. १ सप्टेंबर २०२३ ला जालना जिल्ह्यात अंतरवाली सराटीला लाठीमार झाला, तेव्हापासून मराठवाड्याच्या उमेदवाराला हा विषय चुकत नाही. तुमची जात तुमच्या कागदावर असते, आणि तुम्ही कुठल्या बाजूनं बोलता हे बघायला ते बसलेले असतात, असं पोरांना वाटतं. माझा अनुभव वेगळा सांगतो. तुम्ही दुसऱ्या बाजूची मागणीही तिच्या माणसाला पटेल अशा शब्दांत मांडू शकता का, हे ते बघतात. उद्या तुम्हाला दोन्ही मोर्चांच्या बंदोबस्ताला उभं राहायचंय.

बळाच्या वापराबद्दल विचारलं तर कायद्याच्या वाटेनं जा. आयोजकांशी आधीपासून बोलणं, ध्वनिक्षेपकावरून इशारा, जमावाला निघायला वेळ आणि रस्ता, मग नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४८ प्रमाणे जमाव पांगवणं, तेही लागेल तेवढंच बळ, बाया-लेकरं-म्हातारे यांचा विचार करून, आणि जखमींना लगेच उपचार. एखाद्या घडलेल्या घटनेत कोण चुकलं, याचा निकाल तुम्ही देऊ नका.

माझ्यावर आंदोलनातला एक गुन्हा आहे. संपलं का सगळं?

लगेच संपत नाही, पण लपवलंत तर संपतं. साक्षांकन अर्जात जे विचारलंय ते खरं लिहा. गुन्हा क्रमांक, ठाणं, सध्याची स्थिती, सगळं. २०१६ च्या अवतार सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयानं माहिती दडवण्याच्या प्रकरणांत काय बघायचं ते सांगितलंय. गुन्हा किती गंभीर आहे हे बघतातच, आणि दडवणं हे आणखी वेगळं वजन होऊन बसतं. एकदा वकिलाला कागद दाखवा, व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारू नका.

माझं बोलणं गावरान आहे. गुण कापतील का?

नाही. मुलाखत मराठीत देता येते. तुमचा हेल तुमचाच राहू द्या. ‘लै’, ‘कामून’, ‘करायलो’ हे शब्द घरात गोड आहेत, मंडळापुढं ‘खूप’, ‘का’, ‘करतोय’ म्हणा, एवढंच. ‘हो’ च्या जागी ‘हाव’ म्हणायची सवय मात्र प्रयत्नानं मोडावी लागते, त्याला महिनाभर लागतो. घरच्यांना सांगा की ‘हाव’ ऐकलं की टोकायचं.

पुण्याचा हेल आणायचा प्रयत्न करणारी पोरं पहिल्या अवघड प्रश्नाला दोन्हीकडून जातात. ‘ण’ आणि ‘न’, ‘श’ आणि ‘स’ स्वच्छ यावेत म्हणून रोज पेपरातला अग्रलेख मोठ्यानं वाचा. म्हशीपुढं उभं राहून वाचलात तरी चालेल, आवाज मोकळा होतो.

‘पोलिसच का?’ याला काय सांगू?

‘समाजसेवा करायची आहे’ हे सोडून काहीही. समाजसेवा शिक्षक करतो, एसटीचा चालकसुद्धा करतो. तुमच्या आयुष्यात पोलिस कधी आला, चांगला किंवा वाईट, ते आठवा. उदगीरच्या एका पोरानं सांगितलं होतं, ‘आमची सायकल चोरीला गेली तेव्हा वडिलांची तक्रारच घेतली नाही, ते तीनदा परत आले. मला तक्रार घेणारा अधिकारी व्हायचंय.’ मी त्याला एक शब्दही बदलू दिला नाही.

मुलींना वेगळे प्रश्न विचारतात का?

लग्न, रात्रपाळी, घरचा पाठिंबा यावर विचारू शकतात. चिडू नका. सरळ, लहान उत्तर द्या आणि कामावर या. मात्र ‘मी महिला कक्ष सांभाळीन, भरोसा सेलला काम करीन’ एवढ्यावर थांबू नका. दरोड्याचा तपास, नाकाबंदी, बंदोबस्त या प्रश्नांना पोरांइतक्याच तपशिलानं तयार राहा. पोक्सो, न्याय संहितेतला कलम ८५ चा छळाचा गुन्हा, कलम ८० चा हुंडाबळी हे तर पक्कं हवंच, पण ते पोरांनाही हवं.

पदवीनंतर सहा वर्षं अभ्यासच केला. हा खड्डा कसा भरू?

भरायचा नाही, दाखवायचा. त्या सहा वर्षांत तुम्ही सोयाबीन काढलं असेल, बहिणीचं लग्न केलं असेल, पेट्रोल पंपावर रात्री काढल्या असतील. ते सांगा. मुक्त विद्यापीठाची पदवी असेल तर तीही ताठ मानेनं सांगा, ती तितकीच खरी आहे. अभियांत्रिकीवाल्यांना सायबर गुन्ह्यांवर जास्त विचारतील. १९३० हा क्रमांक आणि पैसे गेल्यावर पहिल्या तासात काय करायचं, हे त्यांनी नीट बघून ठेवावं.

उत्तर येत नसेल तर?

‘माहीत नाही सर, बघून घेईन.’ मग पुढच्या प्रश्नासाठी मान वर. अंदाज करायचा असेल तर विचारून करा.

कपडे, कागदपत्रं, प्रवास?

मुलांनी फिकट शर्ट, गडद पँट, काळे लेसचे बूट, केस बारीक. मुलींनी साडी किंवा सलवार-कमीज, ज्यात चालताना अडखळणार नाही असं. नवे बूट आठवडाभर आधी घालून फिरा, पाय सोललेला माणूस खुर्चीत नीट बसत नाही.

मूळ कागदपत्रं, साक्षांकित प्रती, जात वैधता, नॉन-क्रीमी लेअर कुठल्या आर्थिक वर्षापर्यंत चालतं, खेळाडू असाल तर पडताळणीचा अहवाल, सगळं एका फायलीत अनुक्रमानं लावा. नावात ‘राव’ एका दाखल्यावर आहे नि दुसऱ्यावर नाही, असं आपल्याकडं फार. त्याचं प्रतिज्ञापत्र महिनाभर आधीच करून ठेवा.

आणि मुलाखत मुंबईकडं असेल तर एक दिवस आधी निघा. रात्रभर देवगिरी एक्स्प्रेसच्या जनरल डब्यात दारापाशी उभं राहून, सकाळी स्टेशनवर तोंड धुऊन थेट केंद्रावर गेलेली पोरं मला माहीत आहेत. लॉजला पैसे नसतील तर भरती झालेल्या गाववाल्याची खोली शोधा, आमच्या अभ्यासिकेत विचारा, कुणी ना कुणी निघतं. आदल्या संध्याकाळी केंद्राचं फाटक एकदा बघून या, शर्टाला इस्त्री करून खुंटीला टांगा, फाईल पिशवीत टाका आणि नऊला झोपा.